आकाशगंगेतल्या नद्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीला, सत्यनारायणाच्या पूजेनंतर गच्चीवर दिलेल्या व्याख्यानाचे हे लेखी रूप. नंतर विचारलेले काही प्रश्नही घेतले आहेत.)



तीर्थप्रसाद झाला आहे, जेवणाच्या पंगती बसायला अजून वेळ आहे, आणि मधल्या पाऊण तासासाठी मला उभं केलं आहे. म्हणजे मी जास्त बोललो तर भात थंड होणार, ही जाणीव ठेवून बोलतो. सेक्रेटरीसाहेबांची अट एवढीच होती की विषय कोणताही घ्या, पण लोकांना कळेल असं बोला. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही अट तशी अपमानकारक आहे, पण मी ती मान्य केली.

आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ सालची. त्या वर्षी इथे लिफ्ट चालू नव्हती, टँकरचं पाणी होतं आणि समोर मोकळं मैदान होतं. त्याच वर्षी खगोलशास्त्रात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकात म्हटलं होतं की पालोमार ५ नावाच्या ताऱ्यांच्या एका गुच्छाला दोन बाजूंना दोन शेपट्या फुटल्या आहेत. दुसऱ्यात म्हटलं होतं की आपल्या आकाशगंगेभोवती जे न दिसणारं वजन आहे, ते बहुधा चेंडूसारखं गोल आहे. हे दोन निबंध एकमेकांशी कसे जोडलेले आहेत आणि पंचवीस वर्षांत त्या चेंडूचं काय झालं, ती आजची गोष्ट.

आधी त्या न दिसणाऱ्या वजनाबद्दल. सूर्याभोवती ग्रह फिरतात. बुध सूर्याच्या जवळ, तो सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने पळतो. नेपच्यून फार लांब, तो जेमतेम साडेपाच किलोमीटरने. जितकं लांब तितकं हळू, कारण सगळं वजन मधे सूर्यात आहे आणि लांब गेलं की त्याची ओढ कमी होते. आता हाच न्याय दीर्घिकांना लावा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, आपल्या वसाहतीचं नाव आकाशगंगा. प्रकाश मधे दाट, कडेला विरळ. तेव्हा कडेचे तारे हळू फिरायला हवेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेत मोजून पाहिलं, तर कडेचे तारे आणि वायू हळू होतच नव्हते. आतल्यांच्या जवळपास त्याच वेगाने पळत होते. एवढ्या वेगाने पळूनही ते बाहेर उधळले जात नाहीत, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी आहे, आणि ते दिसत नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी असं काही असावं हे १९३३ मध्येच म्हटलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

याला इंग्रजीत ‘डार्क मॅटर’ म्हणतात, मराठीत कृष्णद्रव्य. मला हे नाव तितकंसं पटत नाही. काळी वस्तू दिसते, निदान तिची सावली पडते. हे काळं नाही, पारदर्शक आहे. उजेड त्यातून आरपार जातो. ते फक्त वजनाने कळतं. आणि आहे किती? विश्वातल्या साध्या पदार्थाच्या, म्हणजे तुम्ही, मी, ही इमारत, सूर्य, तारे, वायू या सगळ्याच्या, पाचपटीहून थोडं जास्त. आपली आकाशगंगा कृष्णद्रव्य धरून साधारण एक लाख कोटी सूर्यांच्या वजनाची भरते. ताऱ्यांची तबकडी लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे, पण तिच्याभोवतीचं हे न दिसणारं आवरण सगळ्या बाजूंना काही लाख प्रकाशवर्षं पसरलेलं आहे. या आवरणाला ‘हॅलो’ म्हणतात. आपल्याकडे हॅलो म्हटलं की लोक फोन शोधतात, म्हणून मी प्रभामंडल म्हणेन. देवांच्या तसबिरीत मस्तकामागे असतं तसं, फक्त याला प्रभा अजिबात नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे प्रभामंडल कोणत्या आकाराचं आहे?

असा प्रश्न विचारायचं कारण आहे. कृष्णद्रव्य कशाचं बनलं आहे हे आजवर कुणालाही सापडलेलं नाही. जमिनीखाली खोल खाणींमध्ये यंत्रं लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत बसले आहेत. एकही कण निर्विवाद हाती लागलेला नाही. मग दुसरा मार्ग असा की ते कसं रचलं आहे ते पाहायचं. ते द्रव्य थंड असेल, म्हणजे त्याचे कण संथ असतील आणि एकमेकांशी अजिबात बोलत नसतील, तर संगणकावरच्या गणितात त्याचे ढीग पूर्ण गोल बनत नाहीत. लांबी वेगळी, रुंदी वेगळी, जाडी वेगळी, असे बनतात. आंब्याची कोय डोळ्यांसमोर आणा. मधे ताऱ्यांची जड तबकडी बसली की त्या कोयीचा आतला भाग थोडा गोलसर होतो. हे कण एकमेकांवर आपटत असतील तर मधला भाग आणखी गोल होईल. शिवाय द्रव्य थंड असेल तर मोठ्या ढिगात लहान लहान असंख्य गोळे तरंगत असायला हवेत, ज्यांत एकही तारा नाही. आणि काही शास्त्रज्ञ म्हणतात की कृष्णद्रव्य वगैरे काही नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच दुरुस्त करायला हवा. मोर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये ते मांडलं. तसं असेल तर ओढीचा आकार दिसणाऱ्या तबकडीवरूनच ठरायला हवा. म्हणजे आकार कळला की यातले काही दावेदार बाद होतील. सगळं त्यावर अडलं आहे असं नाही, पण बरंचसं आहे.

पण दिसतच नाही त्याचा आकार मोजायचा कसा?

तुम्ही रात्री लोणावळ्याहून खाली खोपोलीकडे पाहिलं असेल. अंधारात डोंगर दिसत नाही. पण घाटातल्या गाड्यांच्या दिव्यांची रांग दिसते. ती कुठे वळते, कुठे चढते, कुठे एकदम खाली जाते, यावरून डोंगराची कूस कुठे आहे ते कळतं. एकटा दिवा असता तर काही कळलं नसतं. रांग हवी. आकाशात अशा ताऱ्यांच्या रांगा आहेत, त्यांना तारकाप्रवाह म्हणतात.

त्या बनतात अशा. समुद्राला भरती येते, कारण चंद्र पृथ्वीची त्याच्याकडची बाजू जास्त ओढतो आणि पलीकडची कमी. हेच ताऱ्यांच्या लहान गुच्छाला आकाशगंगा करते. गुच्छाच्या अलीकडच्या कडेचे तारे आत ओढले जातात, पलीकडचे मागे राहतात, आणि हळूहळू गुच्छ गळायला लागतो. आत सुटलेले तारे धावण्याच्या ट्रॅकच्या आतल्या लेनमध्ये गेल्यासारखे पुढे निघतात. बाहेर सुटलेले बाहेरच्या लेनमध्ये, ते मागे पडतात. म्हणून एक शेपटी पुढे आणि एक मागे. पालोमार ५ ची हीच कथा. त्याच्या शेपट्या आता वीस अंशांहून लांब सापडल्या आहेत. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींपेक्षा जास्त. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं की या गुच्छाच्या पोटात तारे मरून झालेली शंभरावर कृष्णविवरं असावीत. तीच बाकीच्या ताऱ्यांना धक्के देऊन बाहेर घालवत आहेत, आणि आणखी शंभर कोटी वर्षांत गुच्छ शिल्लकच राहणार नाही. भाडेकरूच मालकांना बाहेर काढतात म्हणायचं!

सगळ्यात मोठा प्रवाह धनू राशीतला. १९९४ साली केंब्रिजमध्ये रॉड्रिगो इबाटा पीएचडी करत होते. आकाशगंगेच्या मध्याकडचे तारे मोजताना त्यांना काही तारे भलत्याच, पण एकसारख्या वेगाने जाताना दिसले. ती निघाली एक अख्खी लहान दीर्घिका, मध्याच्या पलीकडच्या बाजूला, आपल्यापासून सुमारे ऐंशी हजार प्रकाशवर्षांवर. आकाशगंगा तिला गिळत आहे आणि तिचे तारे साऱ्या आकाशाला वेढा घालून पसरले आहेत. २००३ साली स्टीव्हन मायेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल राक्षसी तारे निवडून तो वेढा सगळ्या आकाशभर दाखवला.

आता थोडं लक्ष द्या, कारण खरी मारामारी इथे आहे.

प्रभामंडल जर अगदी चेंडूसारखं गोल असेल, तर ओढ नेहमी बरोबर मध्याकडेच असणार. मग त्याभोवती फिरणारी वस्तू एकाच पातळीत फिरत राहते. चेंडूला दोरा गुंडाळला आणि तो दरवेळी त्याच वर्तुळावर बसला, तसं. पण प्रभामंडल भोपळ्यासारखं चपटं असेल तर ओढ किंचित तिरकी होते, आणि फिरण्याची पातळीच डुलायला लागते, भोवरा शेवटी शेवटी डुलतो तशी. दोरा दुसऱ्या फेरीत दुसरीकडे बसतो. २००१ साली इबाटा मंडळींनी पाहिलं की धनू प्रवाहातले तारे जवळपास एकाच वर्तुळावर आहेत. निष्कर्ष: चेंडू.

२००४ मध्ये अमिना हेल्मी यांनी ताऱ्यांच्या जागेबरोबर त्यांचे वेगही पाहिले. पुढच्या शेपटीतले वेग चेंडूत बसत नव्हते. ते बसत होते उभ्या नारळात, म्हणजे तबकडीला काटकोनात लांबट झालेल्या प्रभामंडलात. २००५ मध्ये कॅथरीन जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी पुढच्या आणि मागच्या शेपटीच्या पातळ्या मोजल्या. त्यांच्यात सुमारे दहा अंशांचा फरक निघाला, आणि तो बसत होता चपट्या भोपळ्यात. म्हणजे एकच प्रवाह, एकच प्रभामंडल, आणि दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगत आहेत. वेग विचारले तर नारळ, जागा विचारल्या तर भोपळा. दोन्ही साक्षीदार विश्वासू. कुणाची मोजणी चुकलेली नाही.

विज्ञानाची पुस्तकं हा भाग सहसा दोन ओळींत संपवतात, आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. पुस्तकात उत्तर असतं. पण पाच-सहा वर्षं हुशार माणसं एकमेकांना खोटं न ठरवता उत्तराशिवाय बसली होती, ते पुस्तकात येत नाही.

२०१० साली डेव्हिड लॉ आणि मायेव्स्की यांनी तोडगा काढला. भोपळाही नको, नारळही नको, कोय घ्या. तिन्ही बाजू वेगवेगळ्या. गणित जुळलं! जागाही जुळल्या, वेगही जुळले. फक्त एक अडचण होती. कोय ज्या पद्धतीने ठेवावी लागत होती, तिची सगळ्यात बारीक बाजू तबकडीच्या पातळीत येत होती. अशा कोयीत ताऱ्यांची तबकडी फार काळ टिकत नाही, ती कलंडायला हवी, हे पुढे इतरांनी दाखवलं. आपली तबकडी तर अब्जावधी वर्षं व्यवस्थित आहे. म्हणजे हिशेब जुळला होता, पण ताळेबंदात कुठेतरी भलतीच रक्कम बसली होती. हिशेब तपासणारे आपले खजिनदार इथे बसले आहेत, त्यांना हा प्रकार लगेच कळेल.

ती रक्कम कुठली, हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. त्यासाठी आधी एक अनाथ प्रवाह लागला आणि एक चिनाब.

२००६ मध्ये उत्तरेच्या आकाशात एक प्रवाह सापडला. तो कुठल्या गुच्छातून किंवा दीर्घिकेतून गळला, तो मूळ धनी सापडेना. म्हणून त्याचं नावच ‘ऑर्फन’, अनाथ, असं पडलं. पुढे २०१८ च्या जानेवारीत चिलीतल्या दुर्बिणीतून चाललेल्या ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने दक्षिणेच्या आकाशात अकरा नवे प्रवाह जाहीर केले. प्रवाह म्हटल्यावर नद्यांची नावं सुचणं साहजिक आहे, पण त्यांतल्या चार नावांनी मला खुर्चीत सरळ बसवलं. इंडस, झेलम, रावी, चिनाब. सिंधूच्या खोऱ्यातलं पाणी आज कुणाचं यावर काय काय चालतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. वर आकाशात मात्र त्या चौघी निवांत वाहत आहेत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाची दुसरी यादी प्रसिद्ध झाली. हा उपग्रह २०१३ च्या डिसेंबरात उडाला आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये बंद केला गेला. हजार किलोमीटरवरचा माणसाचा केस किती जाड आहे ते सांगावं इतक्या बारकाईने त्याने ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या यादीत १६९ कोटी तारे होते, आणि त्यांतल्या १३० कोटींहून अधिक ताऱ्यांचं आकाशातलं सरकणंही दिलेलं होतं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत खगोलशास्त्राला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी ही यादी आहे. ती सर्वांना फुकट उघडी ठेवली, हे त्याहून मोठं. आपल्या सोसायटीतला बारावीचा मुलगासुद्धा आज रात्री ती उतरवून घेऊ शकतो.

गायाच्या यादीतून २०१९ मध्ये कळलं की अनाथ आणि चिनाब हे दोन प्रवाह नाहीतच. एकाच नदीचा उत्तरेकडचा भाग एकाने पाहिला, दक्षिणेकडचा दुसऱ्याने. आता त्याला अनाथ-चिनाब म्हणतात. आणि या लांब नदीत एक विचित्र गोष्ट दिसली. नदीतलं पाणी नदीच्या पात्राच्या दिशेने वाहायला हवं. इथे दक्षिणेकडच्या भागात तारे पात्राला तिरके चालले होते. रुळांवर आगगाडी उभी आहे आणि डबे शेताकडे निघाले आहेत, अशी कल्पना करा. एकट्या आकाशगंगेच्या ओढीने असं होणं शक्य नाही. बाजूने कुणीतरी ओढत असणार.

तो ओढणारा आधीपासून सगळ्यांच्या माहितीचा होता. मॅगेलनचा मोठा मेघ. ही आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरची शेजारची दीर्घिका. दक्षिण गोलार्धात ती नुसत्या डोळ्यांनी ढगासारखी दिसते. आपल्याकडे महाराष्ट्रातून ती क्षितिजाला टेकून जाते, म्हणजे दिसत नाही असंच समजा. कन्याकुमारीहून चांगल्या अंधारात दिसू शकते. तिला सगळे हलकी समजत होते. डेनिस एरकल आणि सहकाऱ्यांनी अनाथ प्रवाहाच्या तिरकेपणावरून तिचं वजन काढलं, तर ते सुमारे १४ हजार कोटी सूर्यांइतकं भरलं. आकाशगंगेच्या एक दशांशाहून जास्त! पाहुणा म्हणून आलेला माणूस सोफ्यावर बसल्यावर सोफाच कलंडावा, तसा प्रकार.

आणि खरोखरच तसं झालं आहे. मेघ आपल्या तबकडीलाही ओढतो. २०२१ मध्ये मोजलं गेलं की प्रभामंडलाच्या बाहेरच्या भागाच्या तुलनेत आपली तबकडी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सरकते आहे. म्हणजे आकाशगंगेचा मध्य एका जागी खिळलेला आहे असं धरून वीस वर्षं जी गणितं केली होती, ती सगळी हलत्या पाटावर ठेवून पुन्हा करावी लागली. त्याच वर्षी युजीन वासिलिएव, वसिली बेलोकुरोव आणि एरकल यांनी धनू प्रवाह, मेघ आणि आकाशगंगा अशा तिघांना एकत्र नाचवून दाखवलं, आणि नारळ-भोपळ्याचं भांडण बरंच मिटलं. वेगांची साक्षही खरी होती, जागांचीही खरी होती. तिसरा माणूस खोलीत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग आज प्रभामंडलाचा आकार काय? जवळच्या प्रवाहांवरून, म्हणजे पालोमार ५ आणि ज्याच्याबद्दल आता सांगणार आहे त्या जीडी-१ वरून, २०१६ मध्ये जो बोव्ही आणि सहकाऱ्यांनी काढलं की आतला भाग जवळजवळ गोल आहे. उंची आणि रुंदीचं गुणोत्तर त्यांना १.०५ मिळालं, चूकभूल ०.१४. बाहेर जावं तसा आकार बदलतो, कलही बदलतो, आणि मेघाने तो आणखी पिरगळला आहे. थोडक्यात, एक चेंडू किंवा एक कोय असं उत्तर आता कुणी देत नाही. तबकडीने आत गोलसर केलेली आणि बाहेर ओबडधोबड, हे चित्र थंड कृष्णद्रव्याच्या गणिताशी विसंगत नाही. पण तेवढ्यावरून ते सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

जीडी-१ हा माझा सर्वांत लाडका प्रवाह. २००६ मध्ये कार्ल ग्रिलमेयर आणि ओ. डिओनाटोस यांनी तो शोधला. सप्तर्षींपासून कर्क राशीपर्यंत ६३ अंश, आणि दोऱ्यासारखा बारीक. नंतर तो त्याहून बराच लांब निघाला. आत्ता मान वर केलीत तर पूर्वेला कर्क रास वर आलेली आहे, पुष्य नक्षत्र त्यातलंच. अकराच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी पूर्ण उगवतील. त्या दोघांच्या मधून तो जातो. दिसणार नाही, त्याचे तारे फार मंद आहेत, आणि आपण गच्चीवर हॅलोजन लावून ठेवला आहे ते वेगळंच.

तर २०१८ मध्ये एड्रियन प्राइस-व्हेलन आणि आना बोनाका यांनी गायाच्या यादीतून जीडी-१ स्वच्छ निवडून काढला. त्यात एके ठिकाणी खंड दिसला, तारे जवळजवळ नाहीतच. आणि खंडाच्या बाजूला ताऱ्यांचा एक फाटा बाहेर आलेला. शर्टाची शिवण उसवून दोरा बाहेर लोंबावा तसा. काहीतरी जड त्या प्रवाहाला घासून गेलं आहे. बोनाका यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला: वजन दहा लाख ते दहा कोटी सूर्यांच्या दरम्यान, आकार अगदी आटोपशीर, घटना गेल्या शंभर कोटी वर्षांतली. ज्ञात गुच्छ आणि लहान दीर्घिका तपासल्या, तर एकही नीट बसेना. म्हणजे तारे नसलेला कृष्णद्रव्याचा गोळा? मघाशी सांगितलेल्या त्या असंख्य लहान गोळ्यांपैकी एक? असेल. काही जण म्हणतात की धनू राशीतल्या त्या दीर्घिकेने किंवा तिच्याच मोडतोडीतल्या एखाद्या तुकड्याने हे केलं असेल. एका खंडावरून निकाल लागत नाही. असे खंड अनेक प्रवाहांत मोजावे लागतील. शिवाय प्रत्येक खंड कृष्णद्रव्याचा नसतो. पालोमार ५ च्या एका शेपटीत तारे कमी आहेत, त्याला आकाशगंगेच्या मधला फिरता दांडाही कारण असू शकतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

आज शंभराच्या आसपास प्रवाह माहीत आहेत. त्यांतले पुष्कळ गायाच्या यादीतून काढणाऱ्यांमध्ये ख्याती मल्हान हे भारतीय नाव आहे. मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी २०२४ मध्ये आकाशगंगेच्या आतल्या भागात ताऱ्यांचे दोन फार जुने थर ओळखले. बाराशे ते तेराशे कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगा घडत असताना ते तिच्यात मिसळले. त्यांची नावं ठेवली शक्ती आणि शिव. ते प्रवाह नव्हेत, पण घरातलं नाव आकाशात ऐकलं की बरं वाटतं.

भाताची आठवण करून देण्यात आली आहे. तेव्हा प्रश्नांकडे वळतो.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “याचा आपल्याला उपयोग काय?” काकू, गॅस स्वस्त होणार नाही. पण तुमच्या घरात जेवढं सामान आहे त्याच्या पाचपट वजन घरात आहे आणि ते कशाचं आहे ठाऊक नाही, असं कुणी सांगितलं, तर तुम्ही रात्री झोपाल का? मी तरी कपाटं उघडून पाहीन.

“हे कृष्णद्रव्य आपल्या अंगातूनही जातं का?” हो, ते कणांचं असेल तर आत्ताही जात आहे. काही होत नाही. आपल्या या खोल्यांएवढ्या जागेत ते अतिशय विरळ आहे, त्याचं वजन जाणवतं ते हजारो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यामुळे.

बी विंगमधल्या एका इंजिनिअर मित्राचा प्रश्न जरा टोचणारा होता: “दर वेळी गणित जुळलं नाही की न दिसणारं काहीतरी आणायचं, ही पळवाट नाही का?” प्रश्न रास्त आहे. युरेनसचं गणित जुळेना तेव्हा न दिसणारा ग्रह मानला, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाचं जुळेना तेव्हाही न दिसणारा ग्रह मानला, पण तो नव्हताच. तिथे नियमच बदलावा लागला, आइन्स्टाईनकडून. दोन्ही घडू शकतं. यावेळी कोणतं, हे ठरवण्यासाठीच हे प्रवाह मोजायचे. माझा कौल कृष्णद्रव्याकडे आहे, कारण पुरावे फक्त ताऱ्यांच्या वेगातून येत नाहीत, इतर अनेक दिशांनी येतात. पण कौल म्हणजे निकाल नव्हे.

“पुढे काय?” चिलीत व्हेरा रुबिन यांच्याच नावाची नवी वेधशाळा उभी राहिली आहे. आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा. गेल्या वर्षी जूनमध्ये तिची पहिली छायाचित्रं आली. ती दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, त्यातून आणखी मंद, आणखी लांबचे प्रवाह सापडतील, आणि दुसऱ्या दीर्घिकांभोवतीचेही. तेव्हा फक्त आपली कोय नव्हे, तर इतरांच्याही कोयी मोजता येतील.

शेवटचा प्रश्न पाचवीतल्या एका मुलीचा होता: “मला प्रवाहाचं नाव ठेवता येईल का?” हा सर्वांत सोपा प्रश्न. मघाच्या त्या अकरा प्रवाहांपैकी काहींची नावं ठरवायला चिली आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळांना बोलावलं होतं. मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी मिळून तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधले पाण्याशी संबंधित शब्द निवडले. म्हणून आज आकाशात एलकी, तुर्बिओ, अलिका उमा, विल्का याकू, तुर्रनबुर्रा आणि वांबेलाँग आहेत. आपल्याकडची इंद्रायणी, पंचगंगा, वशिष्ठी अजून शिल्लक आहेत.